गॅरेजची ऊब



बऱ्याच महिन्यांनी इथे लिहायला बसलो आहे. मधला हिवाळा धाकट्याकडे मिनेसोटात गेला. तिथे कळफलकासमोर बसलो की नात मांडीवर येऊन बसायची आणि मराठी टंकायच्या आत भलतेच काही टंकले जायचे. असो. परत आल्यावर एक-दोघांनी विचारले, "सर, या वेळी प्रवासवर्णन नाही का?" नाही. या वेळी एका गॅरेजचा इतिहास आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी मधला भाग सोडून दिला तरी चालेल, पण आमच्या घरच्या मंडळींनी मात्र शेवटपर्यंत वाचावे अशी विनंती आहे. कारण पुढे कळेलच.

आपल्याकडे गॅरेज म्हटले की काळेकुट्ट हात, ग्रीसचा वास आणि "साहेब, उद्या या" असे म्हणणारा मिस्त्री आठवतो. तिकडे गॅरेज म्हणजे मोटार ठेवायची खोली. धाकट्याचे घर १९२० च्या दशकातले आहे. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे गॅरेज घराला चिकटलेले नाही, मागच्या अंगणाच्या टोकाला, बोळाच्या बाजूला सुटे उभे आहे. वीस फूट बाय बावीस फूट. भिंती म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर बाहेरून ठोकलेल्या फळ्या. आतून उघडा सांगाडा दिसतो. वर छप्पर, आणि छपरात दिवसाढवळ्या उजेडाच्या रेघा.

धाकट्याला सुतारकामाचा नाद लागला आहे. लेकीसाठी अभ्यासाचे टेबल करायचे त्याने दिवाळीतच घेतले होते. लाकूड आणले, करवत आणली, रंधा आणला, आणि डिसेंबर उजाडला. निफाडची थंडी आम्हाला माहीत आहे. दर हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा वर्तमानपत्रात छापून येतो, चार-पाच अंश झाले की द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, आणि आम्ही अभिमानाने बाहेरगावी फोन करून सांगतो. मिनेसोटात उणे वीस ही बातमीसुद्धा नसते. सरसाची बाटली गोठून दगड, हातमोज्याशिवाय लोखंडाला हात लावला की कातडी ओढल्यासारखी होते, आणि हातमोजा घालून रंधा धरता येत नाही.

तर एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "बाबा, गॅरेज तापवायचा काही स्वस्तातला उपाय सुचतो का?"

मी लगेच सांगितले. उपाय गॅरेजमध्येच होता. उन्हाळ्यात अंगणात मांस, मका वगैरे भाजायची तिकडे पद्धत आहे, त्यासाठी आणलेल्या कोळशाची अर्धी पिशवी कोपऱ्यात पडली होती. "एक पत्र्याची शेगडी कर, बाहेर पेटवून निखारे लाल झाले की आत आण. दार लावून घे. धूर नाही, खर्च नाही."

तो इतक्या जोरात "बाबा!" म्हणाला की सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग तो तसाच थंडीत गेला आणि ती पिशवी घेऊन आला. पिशवीवर एक इशारा ठळक छापलेला होता. घर, तंबू आणि मोटार अशी तीन चित्रे आणि तिन्हींवर फुली. खाली लिहिलेले, की बंद जागेत जाळू नये, यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, माणूस मरू शकतो.

चाळीस वर्षे मुलांना इतिहास शिकवलेल्या माणसाला मुलाने असे बोलले की जरा लागते. मी म्हटले, "आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या शेगड्या पेटल्या, कोण मेले?" त्यावर तो काही बोलला नाही. पण मीच रात्री जागा राहिलो. ते पुढे सांगतो.

दुसऱ्या दिवसापासून मी तिथल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसू लागलो. (उबदार असते, फुकट असते आणि वर्तमानपत्रेही असतात. थंडीवरचा माझा पहिला स्वस्त उपाय हाच.) इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, पण तिथे वेळाची टंचाई नव्हती. मोटारीची खोली कुठून आली आणि ती तापवायला लोकांनी काय काय केले हे शोधत गेलो आणि त्यात पुरता अडकलो.

गॅरेज घरापासून लांब का, याचे उत्तर दोन शब्दांत आहे: घोडा आणि पेट्रोल. मोटार आली तेव्हा तिला आयती जागा मिळाली ती घोड्याच्या तबेल्याची आणि बग्गीखान्याची, आणि तो घाणीमुळे मागच्या अंगणातच असायचा. पुढे तबेला गेला तरी लोकांनी मोटार घराजवळ आणली नाही, कारण पेट्रोलची भीती. ती भीती खरीच होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरून राहते आणि ठिणगीची वाट पाहते. म्हणूनच आजसुद्धा तिकडच्या नियमात गॅरेजमधल्या शेगडीची ज्योत किंवा ठिणगी जमिनीपासून निदान अठरा इंच वर असावी लागते. घराला जोडलेले गॅरेज सर्रास झाले ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उपनगरांत.

सुट्या शेडचा सगळ्यात प्रसिद्ध किस्सा अर्थातच हेन्री फोर्डचा. १८९३ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्याने आपले पहिले छोटे इंजिन चालवून पाहिले ते डेट्रॉइटमधल्या घराच्या स्वयंपाकघरात, मोरीच्या कडेला बसवून. घरचा विजेचा दिवा होता त्यातून ठिणगीसाठी वीज घेतली. बायको, क्लारा, हाताने पेट्रोल थेंब थेंब टाकत होती. घरात तान्हे मूल होते आणि पाहुणे जेवायला यायचे होते. (आमच्या घरी असे कोणी केले असते तर पुढचा इतिहास वेगळाच झाला असता.) पुढचे काम मागच्या अंगणातल्या कोळसा ठेवायच्या विटांच्या शेडमध्ये झाले. जून १८९६ मध्ये चारचाकी तयार झाली आणि मग लक्षात आले की दार अरुंद आहे. फोर्डने कुऱ्हाड घेऊन भिंतच फोडली. मोटारीसाठी रुंद केलेले हे अगदी सुरुवातीचे दार म्हणायला हरकत नाही.

पण थंडीचा खरा प्रश्न आला तो मोटार सर्वसामान्यांच्या हाती आल्यावर. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डच्या मॉडेल टी गाड्या दीड कोटी निघाल्या. त्या शेतकऱ्यांनी घेतल्या, डॉक्टरांनी घेतल्या, आणि मिशिगन, मिनेसोटा, डाकोटा असल्या मुलखात घेतल्या. इंजिन थंड ठेवायला त्यात पाणी असते. पाणी गोठले की फुगते आणि लोखंडी इंजिनाला तडा जातो. म्हणजे बाहेरची थंडी माणसाला नुसती बोचायची, गाडीला मात्र मारून टाकायची. त्यामुळे रोज रात्री रेडिएटरमधले पाणी काढून टाकायचे आणि सकाळी चुलीवर पाणी गरम करून पुन्हा भरायचे. तेल थिजून काकवीसारखे व्हायचे, हँडल फिरायचे नाही. मॉडेल टी वाले एक मागचे चाक जॅक लावून उचलून ठेवायचे, म्हणजे गाडी त्यातल्या त्यात सुटायची. पाण्यात लोक काय काय मिसळत! लाकडापासून काढलेले मद्यार्क, ग्लिसरीन, मीठ, साखरेचा पाक, मधसुद्धा. मद्यार्क उडून जाई, मिठाने लोखंड खाल्ले जाई, आणि मधाचे काय होत असेल त्याची कल्पना कुठल्याही गृहिणीला करता येईल.

म्हणून गॅरेज तापवणे ही चैन नव्हती, गाडी जगवण्याची सोय होती. १९१० च्या दशकात या कामासाठी खास छोट्या कोळशाच्या शेगड्या निघाल्या. त्यातली अक्कल मला फार आवडली. शेगडी गॅरेजच्या बाहेर, भिंतीला टेकून छोट्या खोपटात. तिच्यावर पाण्याची टाकी. गरम पाण्याच्या नळ्या तेवढ्या भिंतीतून आत. विस्तव बाहेर, ऊब आत! पेट्रोलची वाफ आणि निखारा यांची गाठच पडू द्यायची नाही. पण हे पैसेवाल्यांचे काम. बाकीचे लोक साधी शेगडी किंवा रॉकेलचा दिवा गाडीच्या नाकाखाली ठेवून देवाचे नाव घेऊन झोपत, आणि अधूनमधून कुठेतरी गॅरेज जळत असे.

आणि आगीपेक्षा गुपचूप येणारे दुसरे संकट होते. थंडीत दार बंद करून, इंजिन जरा गरम होऊ दे म्हणून चालू ठेवायचे आणि आतच काहीतरी खुडबुड करत बसायचे. माणूस नंतर घरच्यांना जमिनीवर पडलेला सापडायचा. १९२० च्या सुमारास न्यूयॉर्क आणि न्यूजर्सी यांना जोडणारा हडसन नदीखालचा बोगदा आखला जात होता. एवढ्या मोटारींचा धूर कोंडला तर आतली माणसे जगतील का, हा प्रश्न होता. येल विद्यापीठाच्या यँडेल हेंडरसन यांनी बंद खोलीत स्वतःवर आणि स्वयंसेवकांवर प्रयोग करून किती वायू माणसाला सोसतो याची मर्यादा ठरवली. त्यावरून १९२७ मध्ये उघडलेल्या त्या हॉलंड टनेलला ८४ प्रचंड पंखे बसले. याच हेंडरसन यांनी हॅगार्ड या सहकाऱ्याबरोबर १९२३ मध्ये गॅरेजमधल्या आणि दुरुस्तीच्या दुकानांतल्या मोटारीच्या धुराच्या धोक्यावर लिहिले.

त्यांच्याही आधी, इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन. आपल्याला त्यांचा मुलगा जास्त माहीत, जे. बी. एस. हाल्डेन, जो १९५७ मध्ये भारतात येऊन राहिला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. वडील खाणींतल्या मृत्यूंचा अभ्यास करत. खाणीत स्फोट झाला की लोक समजत, माणसे स्फोटाने मेली. हाल्डेननी १८९६ च्या अहवालात दाखवले की बहुतेक माणसे नंतरच्या वायूने मेली होती, अंगावर जखमही नसताना. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. एकदा तो चिकटला की प्राणवायूला जागाच राहत नाही. आणि अशा रक्ताचा रंग जास्तच लालभडक होतो. त्यामुळे मेलेल्या खाणकामगारांचे चेहरे पांढरेफटक नव्हते. गुलाबी होते. झोपल्यासारखे.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले.

इथून पुढचे मुख्यतः घरच्यांसाठी आहे.

१९५९ चा पौष असावा. मी सात-आठ वर्षांचा होतो. आमच्या गावच्या घरात धाकटी काकू बाळंत झाली. मुलगा झाला होता. माजघराच्या मागची अंधारी खोली बाळंतिणीची. खिडकीला कांबळे लावलेले, दाराला गोधडी, उंबऱ्यावर लिंबाचा पाला, उशाखाली विळा, आणि खाटेखाली शेगडी. बाभळीचे कोळसे, वर ओवा आणि शेपा टाकायचा. वारा लागता कामा नये ही सगळ्यांत मोठी काळजी. त्या वर्षी थंडी फार होती, म्हणून रात्री झोपताना शेगडी पुन्हा भरून ठेवत. काकू दोन-तीन दिवस "डोके फुटते आहे, मळमळते आहे" म्हणत होती हे मला आठवते, कारण मला त्या खोलीजवळ जायला बंदी होती आणि मी दाराशी घुटमळत असे. आजी म्हणायची, बाळंतपणात होतेच तसे.

बाराव्या दिवसाच्या आतली गोष्ट. एका पहाटे आईने हाक मारली तर काकू उठेना. तिला ओढत ओसरीवर आणले, तोंडावर पाणी मारले. बऱ्याच वेळाने ती शुद्धीवर आली, उलट्या झाल्या. बाळ गेलेले होते. आई पुढे कधीतरी सांगायची, "इतके गुलाबी दिसत होते गं ते, दृष्ट लागावी असे. वाटतच नव्हते गेले म्हणून."

घरात आणि गावात एकच ठरले, की काकूच्या कुशीखाली आले. झोपेत आईच्या अंगाखाली पोर गुदमरले. कोणी तिच्या तोंडावर म्हटले, कोणी नाही म्हटले, पण ठरले ते ठरले. तिनेही ते धरले. पुढे तिला दोन मुले झाली. तुमच्यापैकी जे वयाने मोठे आहेत त्यांना आठवत असेल, काकू कधीही तान्ह्या मुलाला कुशीत घेऊन झोपली नाही. पाळणा दोरीने पायाला बांधायची आणि हातभर लांब, जमिनीवर झोपायची. आम्ही तिला यावरून हसायचो. मी स्वतः हसलो आहे. नातवंडांच्या वेळीसुद्धा, सून दमलेली असली तरी, "मला नको, माझ्याजवळ निजवू नका" म्हणायची.

डोकेदुखी, मळमळ, बंद खोली, रात्री भरलेली शेगडी, शुद्ध हरपलेली आई, गुलाबी बाळ. मी डॉक्टर नाही, आणि साठ-पासष्ट वर्षांनंतर कोणाला पुरावा देता येणार नाही. पण इतिहासाच्या माणसाला इतके दुवे मिळाले तर तो निष्कर्ष लिहितो. काकूच्या कुशीखाली काही आले नव्हते. खाटेखालच्या शेगडीने बाळाला नेले, आणि काकूलाही नेता नेता ठेवले.

"पिढ्यान् पिढ्या शेगड्या पेटल्या, कोण मेले?" असे मी धाकट्याला ऐकवले होते ना? उत्तर माझ्याच घरात होते. कोणी मोजलेच नव्हते. मेलेले बाळ सटवाईच्या, नजरेच्या, आईच्या निष्काळजीपणाच्या खात्यावर टाकले जायचे. धूर दिसत नाही म्हणून तर आपण चुलीऐवजी कोळशाची शेगडी आत घ्यायचो. आणि धूर नसलेला निखाराच जास्त घातकी, कारण धुराने निदान माणूस खोकतो आणि दार उघडतो.

(बायकांना आणि बाळांना शेक देऊ नका असे मी म्हणत नाही. दार-खिडकी उघडी ठेवून, निखाऱ्यांवर कापड गरम करून शेकायचे आणि शेगडी बाहेर नेऊन ठेवायची. झोपताना आत ठेवायची नाही. आणि आता तर गरम पाण्याची पिशवी दोन-तीनशे रुपयांत मिळते.)

यातली एक गंमत, जिला गंमत म्हणवत नाही. त्या कोळशाच्या पिशव्यांचा धंदाही फोर्डचाच. मॉडेल टी मध्ये लाकूड बरेच लागायचे. मिशिगनमधल्या कारखान्यात उरलेल्या तुकड्यांचे आणि भुशाचे काय करायचे म्हणून १९२० च्या दशकात त्याने कोळशाच्या वड्या पाडायला लावल्या आणि मोटारीच्या दुकानांतून विकल्या. पुढे त्याच वड्या किंग्जफर्ड या नावाने विकल्या जाऊ लागल्या. मोटारही त्याची, कोळसाही त्याचा.

बरे, आता गॅरेजकडे परत जातो, कारण टेबल अजून व्हायचे होते.

लोकांनी नंतर काय काय केले याचा पसारा मोठा आहे. पत्र्याच्या पिंपाची शेगडी हा तिकडचा गरिबाचा आवडता उपाय. आपल्या रस्त्यांच्या कडेला डांबराची पिंपे असतात तसले दोनशे लिटरचे पिंप आडवे करायचे, खाली पाय, पुढे दार, वर धुराडे. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखल्यावर लाकडाच्या शेगड्यांची लाटच आली तेव्हा अशी पिंपे ठिकठिकाणी पेटली. या पिंपाचे पेटंट १९०५ चे आहे आणि ते निघाले नेली ब्लाय या बाईच्या कारखान्यातून. होय, तीच पत्रकार, जिने १८८९-९० मध्ये ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. नवऱ्यामागे तिने त्याचा कारखाना चालवला होता. मात्र गॅरेजमध्ये लाकडाची शेगडी म्हटले की आता विमेवाले हात वर करतात, आणि पेट्रोलच्या वाफेचे वर सांगितलेच आहे. रॉकेलचे बिनधुराड्याचे हीटर १९८० च्या आसपास जपानहून आले आणि खूप खपले. ऊब चांगली, पण जे जळते ते सगळे आतच राहते. माझा त्याला विरोध होता आणि धाकट्याचाही, त्यामुळे तो विषय एका मिनिटात संपला.

राहिली वीज. विजेचा हीटर स्वस्त झाला तो एका तारेमुळे. १९०६ मध्ये अल्बर्ट मार्श याने निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट घेतले. ही तार लाल होईपर्यंत तापली तरी जळून तुटत नाही. आपली इस्त्री, टोस्टर, शेगडीचे कॉइल, सगळे या तारेचे ऋणी. धाकट्याने आधी घाई करून एक हीटर आणला होता आणि दुसरा, चौपट किमतीचा, आणायच्या विचारात होता. मी त्याला खोके वाचायला लावले. (एकदा त्याने मला पिशवी वाचायला लावली होती.) तिकडच्या साध्या प्लगवर १५०० वॉटच्या वर हीटर देतच नाहीत. मग तो साधा असो की लाकडी कपाटासारखा सजवलेला, १५०० वॉट म्हणजे १५०० वॉट. किंमत चौपट झाली म्हणून ऊब चौपट होत नाही. तो आणलेला हीटर आम्ही त्या फळ्यांच्या खोलीत तीन तास चालवून पाहिला. पारा पाच अंश चढला. उणे पंधराचे उणे दहा! बाकीची ऊब फळ्यांतून मिनेसोटाला दान.

तेव्हा मला आठवीतला विज्ञानाचा धडा आठवला. एकदा विज्ञानाचे सर रजेवर होते म्हणून मी तो शिकवला होता: वहन, अभिसरण, प्रारण. आधी गळती थांबवली पाहिजे. मिनेसोटाचे जुने शेतकरी हिवाळ्यापूर्वी घराच्या पायाभोवती गवताचे भारे आणि शेण रचत, भिंतीत लाकडाचा भुसा किंवा वर्तमानपत्रे कोंबत. मग १९३२ मध्ये ओहायोत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण काचेच्या विटा जोडण्याच्या खटपटीत असताना वितळलेल्या काचेवर हवेचा झोत बसला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. त्याची झाली काचेची लोकर. आज तिचे गठ्ठे दुकानात मिळतात. दोन शनिवार-रविवार आम्ही बापलेकांनी सांगाड्याच्या मधल्या पोकळ्यांत ते गठ्ठे बसवले, आधी छपराला आणि मग भिंतींना. अंगाला खाज सुटते, लांब बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला फडके हवेच. मोटारीच्या दाराखाली रबरी पट्टी लावली. सगळ्यात जास्त फरक, खरे सांगतो, त्या पट्टीने पडला, आणि सगळ्यात स्वस्तही तीच होती.

मग हीटर. हवा तापवणारा पंख्याचा हीटर परत केला आणि समोरच्या माणसाला थेट शेकणारा, प्रारणाचा, त्याच वॉटचा घेतला. तो काम करायच्या बाकासमोर टांगला. पायाखाली जाड रबराची चटई. सरस घरातच ठेवायचा, आणि सांधे चिकटवले की ते फळकुट घरात आणून वाळवायचे. खोलीतली हवा अजूनही थंडच असते. पण शेकोटीजवळ बसणाऱ्या माणसाने गावची हवा तापवायचा विचार कधी केला होता का?

हे मला सुचले असे समजू नका. उत्तर डाकोटात, ग्रँड फोर्क्स गावी, अँड्र्यू फ्रीमन नावाचा वीज सहकारी संस्थेत काम करणारा गृहस्थ होता. गॅरेज कसे तापवावे यावर लोक डोके फोडत असताना त्याने इंजिनाच्या आत जाईल असा छोटा विजेचा हीटर केला आणि १९४९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. रात्रभर वीज खाऊन इंजिन कोमट राहते. खोली गोठली तरी चालेल. उत्तरेकडे आजही पुष्कळ पेट्रोलच्या गाड्यांच्या नाकातून प्लगची वायर लोंबताना दिसते. मला पहिल्यांदा वाटले विजेच्या मोटारी फारच झाल्या इथे! नातीने "आबा, ती गाडीची शेपटी आहे" असे समजावले.

गॅरेजमध्ये शेवटी एक वस्तू मी माझ्या पैशांनी घेतली. कार्बन मोनॉक्साइड असला की कर्कश ओरडणारी पांढरी डबी. धाकटा म्हणाला, "बाबा, विजेच्या हीटरला हिची काय गरज?" मी म्हटले, मोटार आहे ना तिथे, असू दे.

परत आल्यावर मी चुलतबहिणीला, म्हणजे काकूच्या मुलीला, फोन केला. काकूला जाऊन आता वीस वर्षे होऊन गेली. तिला सगळे सांगितले, खाणकामगारांचे, पिशवीवरच्या फुलीचे, डोकेदुखीचे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, आई आजारी असताना शेवटी एकदा मला म्हणाली होती, मला त्या रात्री जागच आली नाही गं, एकदाही नाही. मी तर कधी अशी झोपत नाही." मग म्हणाली, "तू हे लिहून ठेव. सगळ्यांना वाचू दे. गावातल्या म्हाताऱ्यांनाही वाचून दाखव."

म्हणून लिहिले. गावात गेलो की वाचून दाखवणार आहे, तीन-चार जण अजून आहेत त्या वेळचे.

टेबल फेब्रुवारीत झाले. एक पाय किंचित आखूड आहे, त्याखाली मी पुठ्ठ्याची घडी घातली आहे. नात त्यावर बसून चित्रे काढते.